'राजीनामा' शब्दाचं कार्ड

मंगळवार, १४ सप्टेंबर. पाणी साडेसहाला आलं. दुपारी सरकारी खात्यातले साहेब कोशाच्या कचेरीत आले. 'राजीनामा'चं कार्ड घेऊन गेले. सरांना उद्या अकरापर्यंतची मुदत. वन्संचा गुडघा सुजलाय.

एवढं लिहून बाईंनी पेनाला टोपण लावलं. मिशनच्या शाळेत सिस्टरनी रोजनिशीची सवय लावली, त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. लग्नाच्या दिवशी त्यांनी लिहिलं, यजमान गेले त्या दिवशीही लिहिलं. अक्षर कधी हललं नव्हतं. आज 'मुदत'मधला द हलला.

बाई शब्दकोशाची कार्डं लिहीत. एका शब्दाला एक कार्ड. वर अर्थ, मध्ये मूळ, खाली छापील मजकुरातलं एक वाक्य, आणि उजव्या कोपऱ्यात ते कुठून नि कधी घेतलं त्याची नोंद. 'राजीनामा'वर त्या आठवडाभर खपल्या होत्या. राजी म्हणजे खूश, कबूल. नामा म्हणजे लेख. दोन्ही दूरच्या मुलखातून आलेले आणि घरचे होऊन बसलेले. भांडण मिटलं की दोन्ही पक्ष 'आम्ही राजी आहोत' असं लिहून देत, तो राजीनामा. पुढे जमीन आपखुशीने सोडल्याचा कागद, आणि शेवटी खुर्ची सोडल्याचा. सगळं जमलं, पण वाक्य काही मनासारखं मिळेना. कंटाळून बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य पदरचं घातलं: 'प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी ते टेनिस खेळताना दिसले.' खोटी नोंद लिहवेना, म्हणून कोपरा कोरा ठेवला.

त्याला तीन वर्षं झाली. यंदा खंड छापून आला, आणि त्याच सुमाराला एक मंत्री प्रकृतीच्या कारणास्तव पायउतार झाले. टेनिस ते खरोखरच खेळत.

"कोरा कोपरा म्हणजे मागाहून घुसडलेलं," साहेब म्हणाले होते. "कोणी लिहिलं?"

"संपादक मी आहे," सर म्हणाले.

"मग उद्या अकरापर्यंत तुमचा राजीनामा. त्यापुढचं वरचे ठरवतील."

बाईंचं अक्षर सर वीस वर्षं ओळखत होते. बाई मात्र गप्प राहिल्या, आणि तेच आता त्यांना खात होतं.

"वन्सं, तीन वर्षांपूर्वीच्या वहीत आहे ते," त्या नणंदेला म्हणाल्या. "'आज एक वाक्य पदरचं घातलं', वाक्यासकट. ते दाखवलं तर सर सुटतील."

"आणि तुम्ही अडकाल. आधी ती वही मागतील, मग पुढची, मग मागची." नणंदेने गुडघा चोळत आवाज खाली आणला. "घरी कोण आलं, काय बोललं, सगळं लिहिता तुम्ही. मी त्या मंत्र्याला ढेरपोट्या म्हणाले, तेही लिहिलंत?"

"तारखेसकट."

"धन्य आहे वहिनी तुमची! आणि शेजारचे डॉक्टर त्यांच्या भूमिगत पुतण्याबद्दल बोलले ते?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. नणंदेने उठून खिडकी लावली.

सकाळी बाईंनी पट्टी आणि ब्लेड घेऊन ते पान शिवणीजवळून कापलं. मागची बाजू तीनदा वाचली. धोब्याला दिलेल्या कपड्यांची यादी होती. कचेरीच्या वाटेवर एक मोटार मागून हळू आली आणि पुढे निघून गेली. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परत फिरावं असं दोनदा वाटलं.

साहेबांनी पान वाचलं, उलटलं, उजेडाला धरलं.

"म्हणजे वाक्य तुमचं. सर उगाच मोठेपणा करत होते."

"हो, माझं."

"बाकीची वही?"

"जुन्या वह्या बंबात घालतो आम्ही. हे पान कोशाच्या कामाचं, म्हणून ठेवलं होतं."

"तारीखवार लिहिणारी बाई वह्या जाळते?"

"घर लहान आहे, साहेब."

"बघू. उद्या सकाळी माणूस येईल." त्यांनी सरांपुढचा कोरा कागद उचलून बाईंपुढे सरकवला. "लिहा. मी स्वखुशीने..."

सर उठायला गेले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. 'स्वखुशीने'तला ख त्यांना दोनदा गिरवावा लागला.

घरी नणंद दारातच उभी होती. "काय झालं?"

"सर सुटले. माझी नोकरी गेली." बाईंनी दाराला आतून कडी घातली. "उद्या माणूस येतोय घर बघायला. बंब पेटवा, वन्सं."

"आत्ता? संध्याकाळी कोण अंघोळ करतं?"

"एकेचाळीस वह्या आहेत."

नणंद लंगडत जाऊन काडेपेटी घेऊन आली. पहिली वही शाळेतली होती. तिच्या पुठ्ठ्यावर सिस्टरच्या हातचं बाईंचं नाव होतं. पुठ्ठा लवकर पेट घेईना. बाहेर कोणाची पावलं वाजली की दोघी हात थांबवून ऐकत.

शेवटी लिहायला वही उरली नाही. पिशवीत एक कोरं कार्ड होतं. त्यावर बाईंनी लिहिलं:

बुधवार, १५ सप्टेंबर. बंब तीनदा भरला. पाणी छान तापलं. वन्संनी गुडघा शेकला.