प्रेषित आणि प्रेषक

रविवार, उपासनेनंतर. हजर: पाळकसाहेब, सुमनमावशी, योहानकाका आणि मी.

"प्रेषित म्हणजे पाठवलेला," असं सांगून पाळकसाहेबांनी कृपादानांचा, म्हणजे देवाने माणसांना दिलेल्या देणग्यांचा, धडा संपवला. मी नेहमीसारखी लगेच भेटींची कामं वाटली. धरणावरच्या वस्तीतली एक विधवा कधीची प्रार्थनेसाठी बोलावते आहे; तिच्याकडे काकांना जायला सांगितलं. काका दुखऱ्या गुडघ्याचा पट्टा आवळू लागले.

मावशी हसल्या. "अगं, तू प्रेषित नव्हेस, प्रेषक! पाकिटाच्या कोपऱ्यात बसतेस नुसती."

सगळ्यांबरोबर मीही हसले, पण कान तापले. पाठवणारा तर प्रभू. त्याची जागा मी इतक्या सहज घेतली, की तो मलाही पाठवत असेल हे कधी सुचलंच नाही.

"मीच जाते," म्हणाले खरं. पण त्या बाईसमोर बसून काय बोलायचं, ते मला कळत नाही. संध्याकाळ झाली. जाणं अजून बाकी आहे.