आत्याचा ट्रॅक

आमच्या शेजारचा कवळीदादा दिवसा खोटे दात घडवतो आणि संध्याकाळी खोटा रस्ता. कवळ्या करतो म्हणून हे नाव. त्यालाही ते चालतं. रस्ता असतो मोटार शर्यतीच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये. गावाबाहेर पूर्वी शर्यतीचा ट्रॅक होता. त्याची आत्या तिथे गाडी पळवायची. आता तिथे इमारती आहेत, आणि आत्याची नजर झपाट्याने जातेय. ती पुरती जाण्याआधी तिला तिचा ट्रॅक परत द्यायचा, हे दादाने मनावर घेतलं होतं.

मी साहित्य शिकले. लिहून झालेल्या पुस्तकात वाचकाने हात घालायचा नाही, अशी माझी समजूत.

"गेम कंपनीचा. तुझा रस्ता त्यात शिरतोच कसा?"

"त्यांनीच दार उघडं ठेवलंय. टायर कसा घसरतो, गाडी कशी कलते, हे गणित त्यांचं. ते अस्सल आहे, म्हणून तर जीव ओतावासा वाटतो. कुठे पळायचं, ते आपण घडवायचं. याला मॉड म्हणतात."

"आणि मिळतं काय?"

"शिव्या."

खरंच. अर्धवट काम इंटरनेटवर टाकायचं आणि बाकीच्या मॉडवाल्यांनी त्यावर तुटून पडायचं, अशी तिथली रीत. दादाने केलेलं ट्रॅकचं कुंपण बुटकं झालं म्हणून कुठल्याशा देशातली एक नर्स आठवडाभर भांडत होती.

रस्ता पुरा झाल्यावर दादाने आत्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिने चष्मा पुसला, गेमचं स्टिअरिंग धरलं, एक फेरी मारली.

"छान आहे रे. कुठला म्हणायचा हा?"

दादाचा चेहरा पडला. "तुझाच, आत्या."

"काहीतरीच! माझा ट्रॅक हाडं खिळखिळी करायचा. हा तुझ्या कवळीसारखा गुळगुळीत."

हाताची सवय नडली होती. जुन्या फोटोंत जिथे रस्ता खडबडीत दिसला, तिथे दादाने तो दाताला पॉलिश करावं तसा घासून टाकला होता.

त्याने हे मॉडवाल्यांना कळवलं. आधी सगळे पोट धरून हसले. मग एका निवृत्त बसचालकाने त्याच ट्रॅकवर धावत्या गाडीतून काढलेली जुनी फिल्म शोधली. कुंपणवाल्या नर्सने कॅमेरा कुठे कुठे उसळतो ते पाहून उंचवटे टिपून पाठवले. यांतल्या कुणीच आत्याला पाहिलं नव्हतं. मी थक्क.

दादाने ते रस्त्यात घातले. दुसऱ्यांदा आत्या बसली तेव्हा स्टिअरिंग हातात थडथडलं. ती पुटपुटली, "आता पाय उचल, नाहीतर भिंत." आणि वेग कमी केला. मला अजून सरळ रस्ताच दिसत होता. मग वळण आलं. भिंतही.



"रस्ता माझाच," आत्या म्हणाली. "पण ही गाडी कुणाची उचलून आणलीस? माझी वळणावर म्हशीसारखी अडून बसायची."

दादाने लगेच मॉडवाल्यांना लिहायला घेतलं: जुनी, जड, हट्टी गाडी कुणाला बनवता येईल का?

"ते होईल तेव्हा होईल," आत्याने स्टिअरिंग सोडलं नव्हतं. "तोवर परत सुरू कर."