पाहुण्यांचा गॅस

भंडाऱ्याहून पवनीची बस सुटली आणि पहिल्याच खड्ड्यात माझी टोपी छताला चिकटली. ती उतरली थेट पवनीला.

मी निघालो होतो गरिबी मोजायला. जुन्या पाहणीत घरोघरचा सगळा खर्च विचारला होता. नव्या पाहणीत मात्र घाईने घरातली माणसं, शिक्षण, जमीन, छत, गॅस, सायकल एवढंच विचारलं. मग तुलना कशी करायची? जुन्या घरांत कुठल्या वस्तूबरोबर किती खर्च दिसतो ते बघायचं आणि त्यावरून नव्या घरांचा खर्च अंदाजायचा. माझ्या गणितात पवनीजवळच्या एका गावातून गरिबी अशी पळाली होती की वाघ मागे लागला असावा. मलाच पटेना.

गावाआधी बोडी (लहान तळं) लागली. पाणी इतकं निवांत, की बगळा स्वतःच्याच प्रतिबिंबाशी गप्पा मारत होता. पलीकडे धान कापलेल्या बांध्या (शेताचे तुकडे) ऊन खात पडल्या होत्या.

पहिलं घर शेवंताबाईंचं. माझ्या कागदावर ‘गॅस आहे’, म्हणजे खातंपितं घर. गॅस होताही, पण धुतलेल्या लुगड्याखाली, नव्या नवरीसारखा.

“बसा भाऊ, चहा मांडतो,” म्हणत त्यांनी लुगडं उचललं.

ओसरीवरून नवरा म्हणाला, “सिलिंडर सरत आलं ना वो!”

“चूप बसा! पाव्हण्याले धुराचा चहा देऊ का?” मग माझ्याकडे वळून, “रोजचा सयपाक चुलीवरच होते, भाऊ. गॅस पाव्हण्याचा. अन् आता पोरगी बाळंतीण होऊन येऊन राहिली. लेकराचं पाणी तापवा लागते, तिथं धूर नाही चालत. दुसरं सिलिंडर कवा येते, कोणाले मालूम!”

त्या बाळाचं पाणी माझ्या कपात उकळणार होतं. आणि नको म्हणालो, तर घराचा अपमान.

“बाई, आमच्या घराण्यात गॅसचा चहा चालत नाही,” मी ठोकून दिलं. “आजोबा एकदाच प्याले. मिशी गळाली, ती पुन्हा उगवलीच नाही.”

“काहून फेकून राहिले, भाऊ?” नवरा हसला.

शेवंताबाईंनी मला नीट न्याहाळलं. लुगडं पुन्हा गॅसवर घातलं, कडा खोचल्या. “मंग या चुलीपाशी. डोळे चुरचुरले तं बोंबलू नका.”

बोंबललो नाही. एवढं रडलो मात्र, की बोडी भरली असती.

पुढच्या सगळ्या घरांत तेच. पूर्वी गॅस असलेलं घर गॅसवर रांधायचं. आता गॅस घरोघरी आला, रांधणं चुलीवरच राहिलं. वस्तू तीच, तिच्यामागचा खर्च वेगळा.

परत येऊन मी गणितातून गॅस काढला. घरातली माणसं, शिक्षण, जमीन यांवर नव्याने अंदाज बांधला. गरिबी घटली होती, पण थोडी. किती, तेही नेमकं सांगता येईना. तसंच लिहिलं. साहेब आधी कुरकुरले, मग त्यांनी पुढच्या पाहणीत एक प्रश्न वाढवला: काल भात कशावर शिजला?

प्रश्न चांगलाच आहे. फक्त तो विचारायला जो जाईल, त्याला चहा मांडायच्या आत थोडं खोटं बोलता यायला हवं.