हिल्मारचा घरजावई

नॉर्वेतल्या आमच्या लोफोटेन बेटांवर समुद्राचे नियम सगळेच पाळतात, पण माझा साडू हिल्मार त्यांचं सोवळंच पाळायचा. बोटीवर घोड्याचं नाव काढायचं नाही. पाठीवरची पिशवी आणायची नाही. धक्क्यावरून निघताना बोट सूर्याच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडूनच वळवायची. आणि बोटीवर वॉफल, म्हणजे आमचं जाळीदार गोड धिरडं, न्यायचं नाही, अजिबात नाही, त्यानं मासे रुसतात. एकदा माझ्या कोटाच्या खिशात अर्धं वॉफल निघालं, तर त्यानं मला धक्क्यावर उतरवलं आणि अख्ख्या गावासमोर खिसा उलटा करून झटकायला लावला. साठी उलटलेल्या माणसाला!

बायका सख्ख्या बहिणी म्हणून आम्ही साडू. पण या बहिणींनी चार वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण काय, तर तवा. आमच्या सासूबाईंचा वॉफलचा तवा, बिडाचा, पुस्तकासारखा मिटणारा, उचलताना मनगट दुखावं असा. थोरलीच्या, म्हणजे हिल्मारच्या बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरातून तो नाहीसा झाला, आणि त्याच दिवशी माझी आसलाउग तिच्याकडे कॉफीला गेली होती. झालं. "आईच्या तव्यावर तुझा डोळा होताच," बोर्गहिल्ड म्हणाली. माझी बायको रडत घरी आली. तेव्हापासून आमच्याकडे वॉफल झालंच नाही.

गेल्या हिवाळ्यात हिल्मारनं बोटीवर नवा ऑटोपायलट बसवला. आपण दिशा सांगायची, तो सुकाणू धरतो. बसवायला आलेल्या पोरीनं त्याचं होकायंत्र खालच्या खोलीतल्या बिछान्याखालच्या कप्प्याशेजारी लावलं आणि विचारलं, "काका, या कप्प्यात लोखंड वगैरे ठेवता का? याला लोखंड चालत नाही."

"छे! लोकरीचे मोजे," हिल्मार म्हणाला.

तिनं बोट खाडीत सावकाश गोल फिरवून यंत्राला दिशा शिकवल्या आणि ती गेली.

ऐन कॉड माशांच्या हंगामात यंत्र बिघडलं. सरळ चाललेली बोट मध्येच डावीकडे वळायची, थोड्या वेळानं आपोआप ठिकाणावर यायची. धक्क्याला आली की गोगलगाय. पोरीनं तीनदा येऊन तारा तपासल्या, बॅटरी पाहिली, पंपातलं तेल पाहिलं, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. सगळं ठणठणीत. हिल्मार यंत्राला घरजावई म्हणायला लागला. "वीज खातो, तेल पितो आणि मनाला येईल तसं वागतो. आणि वळतो तोही सूर्याच्या उलट! नास्तिक आहे मेला."

मग एका सकाळी त्याची बोट दीपगृहाखालच्या खडकाला चाटून गेली. सगळ्या गावानं पाहिलं, बोर्गहिल्डनंही खिडकीतून पाहिलं. रात्रीचं जेवण वाढताना ती म्हणाली, "आणखी एकदा असं झालं तर बोट विकायची. मला तुझं प्रेत जाळ्यातून सोडवायचं नाहीये."

बोर्गहिल्ड बोलली म्हणजे बोलली. आणि हिल्मार बोटीशिवाय म्हणजे काय, ते आम्ही पाहिलं होतं. वादळात आठवडाभर घरी बसला, तर त्यानं बायकोचे मसाल्याचे डबे आकारानुसार लावून ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात आला, टोपी हातात. म्हणाला, "अर्न्ट, उद्या बरोबर चल. तुझं डोकं यंत्रात चालतं."

माझं डोकं कशातही चालत नाही, पण गेलो. वाटेत त्या पोरीनं बजावलेलं सगळं त्याला ऐकवलं. खडकांजवळ यंत्रावर विसंबायचं नाही. पहारा सोडायचा नाही. बोट भरकटली तर आधी लाल बटण दाबून यंत्र सोडवायचं, मग सुकाणूचं चाक धरायचं.

"मी सरळ चाकच धरतो," हिल्मार म्हणाला.

"म्हणून तुझे खांदे दुखतात. यंत्राशी कुस्ती कसली खेळतोस?"

बोट तासभर रुळावरून चालल्यासारखी चालली. मग हिल्मार उठला. "कॉफी करतो. तू वरच थांब. खाली येऊ नकोस, जागा अपुरी आहे."

तो खाली गेला, कप्प्याचं दार करकरलं आणि बोट डावीकडे वळली. थेट खडकांकडे! मी लाल बटण दाबलं, चाक फिरवलं, शिव्या दिल्या. मोकळ्या पाण्यात आल्यावर यंत्र पुन्हा लावलं. ठीक चाललं. थोड्या वेळानं पुन्हा करकर, आणि बोट उजवीकडे. एवढ्यात नाकाला वास आला. लोणी आणि वेलदोडा.

मी यंत्र सोडवलं, आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं, इंजिन थांबवलं आणि खाली वाकलो. माझा सोवळा साडू कप्प्यासमोर गुडघे टेकून बसला होता. गाल फुगलेले, मिशीत साखर, आणि मोज्यांच्या ढिगात सरकवत होता सासूबाईंचा गरम तवा.

"पोरीनं दिशा शिकवल्या तेव्हाही हा इथेच होता?" मी विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. यंत्र तव्यासकट शिकलं होतं. तवा बाहेर निघाला की बिचाऱ्याची दिशा चुकायची.

"बोर्गहिल्ड वॉफल करायची ते पाहुण्यांना," तो घास गिळत म्हणाला. "मला नुसत्या तुटक्या कडा. चाळीस वर्षं कडा खाल्ल्या, अर्न्ट."

"आणि माझी बायको चार वर्षं चोर म्हणवून घेतेय!"

तो पांढराफटक पडला. तवा उचलून वर आला आणि कठड्याबाहेर धरला. "सोडतो. यंत्राला पुन्हा शिकवून घेऊ, बोट राहील. तार ढिली होती म्हणून सांगू."

"सोड," मी म्हणालो. मी इतका संतापलो होतो की त्यालाही ढकललं असतं. "सोड, आणि आज संध्याकाळी आसलाउगच्या डोळ्यांत बघून कॉफी पी."

त्यानं तव्याला दुसरा हातही लावला. तवाही जड आहेच म्हणा. मग त्यानं तो छातीशी घेतला आणि म्हणाला, "चल, वळव."

धक्क्यावर बोर्गहिल्ड उभी होती. हिल्मारनं सगळ्यांसमोर तवा पुढे केला. "मीच घेतला होता. बोटीवर वॉफल खायला. आसलाउगचा काही संबंध नाही. बोट विकायची तर वीक."

धक्क्यावरचे लोक असे हसले की पक्षी उडाले. बोर्गहिल्ड हसली नाही. तिनं तवा काखेत मारला आणि तडक आमच्या घराकडे निघाली. आम्ही दोघं मागून, शाळा बुडवून सापडलेल्या पोरांसारखे.

आसलाउगनं दार उघडलं. बोर्गहिल्डनं तवा पुढे केला.

"ताई, आत ये," माझी बायको म्हणाली. "पीठ मी भिजवते."

बोट विकली नाही. तवा गेल्यावर यंत्राला पुन्हा शिकवावं लागलं. पोरीनं खाडीत बोट सावकाश गोल फिरवली, हिल्मारच्या हट्टानं सूर्याच्याच दिशेनं. आता घरजावई सरळ चालतो.

त्या दिवशी मात्र आम्हाला दोघांना आत घेतलं नाही. पायरीवर बसवलं. आतून दोन बहिणींचं हसणं ऐकू येत होतं, वेलदोड्याचा वास येत होता. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि बोर्गहिल्डनं एक बशी बाहेर सरकवली. त्यात नुसत्या कडा होत्या.

हिल्मारनं अर्ध्या मला दिल्या.