पिंप्राळ्यात मी वीट झालो

पहाटेच्या बसने धुळ्याहून निघालो. एरंडोलपर्यंत बाहेर धुकं होतं की माझ्या डोळ्यांवर झोप, आजही सांगता येणार नाही. जळगावात उतरून रिक्षाने पिंप्राळ्यात आलो. गल्ली रिकामी, कोपऱ्यावर रस्त्याकडेला एक गोणपाट आणि त्यावर दोन विटा. मला अधूनमधून स्वच्छतेचा झटका येतो. विटा कडुनिंबाखाली नेऊन मांडल्या, वर गोणपाटाची घडी टाकली, टेकलो आणि डोळा लागला. स्वप्नात सातपुडा मला केळीच्या पानाने वारा घालत होता.

"काका, माझ्या विटा तुमच्या बुडाखाली कशा?"

समोर विशीतली मुलगी, डोक्यावर हिरव्या वांग्यांची पाटी. विटांच्या मूळ जागी पेरूची हातगाडी लागलेली. तेव्हा रिवाज कळला: उजाडायच्या आत ज्याची वीट, दिवसभर त्याची जागा. ही मुलगी, रूपाली, त्या कोपऱ्यावर पऱ्हाट्यांच्या (वाळलेल्या कपाशीच्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजून भरीत विकायची. आज कोपरा गेला, तर उद्यापासून तिथे पेरूवाल्याचीच वीट.

पेरूवाला सागर तिच्याच वयाचा. "आठे वीट व्हती का? नही ना. मंग जागा मोकळी शे." (इथे वीट होती का? नाही ना. मग जागा मोकळी आहे.)

"या काकांनी उचलली!"

"मंग यासलेच भाज!" (मग यांनाच भाज!)

गल्ली हसली. शेवटी चहावाल्या अक्कांनी न्याय केला. "सागर, गाडी मागं घे. रूपाली पऱ्हाट्या घेऊन येईस्तोवर पाव्हणे तिथं बसतील. उठले, तर जागा तुझी."

बसलो. कोवळं ऊन अंगावर दुलईसारखं चढत होतं, सगळी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. एक स्कूटरवाला ओरडला, "सरका ना, काका!"

"सरकता येत नाही. मी वीट आहे."

तो घाईने गेला. मग सागरने दहा पावलांवर उभं राहून पेरू चिरला, मीठ-तिखट लावलं. "या ना काका, घ्या एक फोड."

खरं सांगतो, एक गुडघा उचलला होता.

तेवढ्यात पऱ्हाट्यांची मोळी घेऊन रूपाली धावत आली. मी उठतो न उठतो तोच माझ्याखाली तिचं गोणपाट सरकलं. सागर हसला, फोड माझ्या हातावर ठेवून गाडी शेजारी लावली. पुढे भरीत इतकं खाल्लं, की वीट असतो तर बरं झालं असतं; विटेला पोट नसतं.

परतीच्या बसला गर्दी होती. एका रिकाम्या सीटवर कुणाचा तरी रुमाल पडला होता. शेजारचा म्हणाला, "बसा भाऊ, कोणी येत नाही."

"येईल," म्हटलं, आणि धुळ्यापर्यंत उभा राहिलो.