डावं पेडल

आमच्या सायकल दुकानातले मिस्त्री गिऱ्हाइकाकडे बघतच नाहीत, सायकलकडे बघून बोलतात. काल माझी सायकल उलटी करून त्यांनी विचारलं, "उजवा गुडघा दुखतो का हो? सगळा जोर डाव्या पायावर दिसतोय."

मला जरा रागच आला. माझे गुडघे ठणठणीत आहेत. उजवा गुडघा बाबांचा दुखायचा. सायकलही त्यांचीच, पण ते गेल्यावर दोन्ही पेडलं मी इथूनच नवी बसवून घेतली होती.

मिस्त्रींनी डावं पेडल काढून माझ्या हातात दिलं. रबर पार गुळगुळीत झालं होतं. उजव्यावरची नक्षी अजून नव्यासारखी.

माणसाला वस्तूची सवय लागते, तशी वस्तूलाही माणसाची लागत असावी. वर्षभर ही सायकल मी एकटाच चालवतोय, असं मला वाटत होतं.