बहात्तर ठोके

आमच्या कॉलेजात जर्नल वेळेत पूर्ण करणाऱ्याला हुशार म्हणत. मी फार हुशार होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी घरच्या पाच जणांची नाडी मोजून आणायची होती. मंचरच्या खोलीवरून मी शनिवारी बेल्ह्याला घरी आले आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

आई, चुलते, चुलती, धाकटी बहीण यांचं झटपट झालं. दादांचं, म्हणजे वडिलांचं, जमेना. चार ठोके सरळ पडायचे, मग बोटाखाली काहीच नाही, मग दोन घाईघाईने. एकदा एकसष्ट आले, मग ब्याण्णव, मग शहात्तर. ती रिकामी जागा बोटाला लागली की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

पण वरच्या वर्गातल्या मुलीने बजावलं होतं, विचित्र आकडा दिसला की सर प्रयोग पुन्हा करायला लावतात, सगळे नॉर्मलच लिहितात. मी बहात्तर लिहिलं. सरांनी न वाचता सही केली.

दादांनाही मी तोच आकडा सांगितला होता. बैलबाजारात भेटेल त्याला ते तो ऐकवू लागले. उन्हाळ्यात कांद्याची गोणी उचलताना त्यांना धाप लागायला लागली. आई दवाखान्यात चला म्हणाली की ते मनगट पुढे करत.

"पोरीनं मोजलंय. बहात्तर हाय. डॉक्टर काय येगळं सांगणार?"

पुढच्या सत्रात सरांनी हृदयाचा धडा घेतला. काहींची नाडी कशीही, बिनतालाची पडते, म्हणाले. मग हृदयात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की अर्धं अंग जातं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. संध्याकाळी दादांना फोन लावला आणि बोलले काय, तर मेसच्या भाजीबद्दल. खोटं लिहिलं हे फोनवर कसं सांगायचं? शनिवारी समोर बसून सांगू, असं ठरवलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी गोठ्यात वैरण टाकताना ते कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चुलत्यांनी जीपमधून त्यांना मंचरलाच आणलं. मी खोलीवरून धावत दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टर आईला विचारत होते, नाडी याआधी कधी कुणी तपासली होती का.

"तपासली व्हती ना सायेब. ह्या पोरीनंच. बहात्तर व्हती, वहीत लिवलंय तिनं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणाले, ठोके चुकत होते, मला कळलं होतं, तो आकडा मी मनानं लिहिला. आईला ते पटलं नाही. पोर घाबरलीय, असं ती डॉक्टरांना सांगत राहिली.

दादांना मात्र सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हलत होता तो डावा हात सावकाश चादरीखाली घेतला.